पाय दाबला होता का

अण्णारावांची गाडी रोज सकाळी चालू व्हायची आणि कुठंच जायची नाही.

अंघोळ झाली की ते उघड्या अंगावर उपरणं टाकून बाहेर यायचे. बॉनेटला कुंकू, चाकांवर पाणी, समोर उदबत्ती. सिंधुवहिनी पदर सावरून मागच्या सीटवर जाऊन बसायच्या. मग अण्णाराव चावी फिरवायचे. गाडी चालवायला त्यांना येत नव्हतं. चावी फिरवण्यापुरती विद्या त्यांनी मुलाकडून, पुण्यात नोकरीला असलेल्या सत्यमकडून शिकून घेतली होती. गाडीही त्यानंच घेऊन दिलेली. उदबत्ती विझेपर्यंत इंजिन जागच्या जागी घुरघुरायचं आणि धूर समोरच्या माझ्या किराणा दुकानात यायचा.

"बॅटरी चांगली राहती, बसवंता," ते ओट्यावरून मला सांगायचे.

बॅटरीचं मला ठाऊक नाही. आवाज कुणाला ऐकू जायला पाहिजे, ते ठाऊक होतं. गल्लीच्या दुसऱ्या टोकाला त्यांच्या धाकट्या भावाचं, ग्यानोबाचं घर, आणि त्या दारात सायकलपलीकडं काही उभं राहिलेलं नव्हतं. मुखेडपासून आत असलेल्या आमच्या गावात माणूस काय घेतो यापेक्षा ते कुणाला दाखवायला घेतो, हे दुकानदाराला आधी दिसतं.

गाडी बाहेर निघायची ती शेतापर्यंत, सोसायटीपर्यंत, फार तर शेजारच्या गावी साखरपुड्याला. तेव्हा चालवायला ग्यानोबाचा बालाजी. त्यानं लायसन काढलं होतं आणि पूर्वी कुणाची तरी जीप चालवली होती. शेजारी बसलेल्या अण्णारावांचा हात कायम वर. "हळू. हळू रे. नवी गाडी हाय, मळणीयंत्र न्हाई."

सिंधुवहिनी या पुतण्याशी बोलत नव्हत्या. त्याला आपल्या भावाची पोरगी करायची त्यांनी मनात धरली होती आणि त्यानं आपल्या मनानं हदगावची जया केली. तेव्हापासून तो गाडी चालवायचा आणि वहिनी मागं बसून खिडकीबाहेर बघायच्या. गावानं ही नोंद तेव्हाच करून ठेवली होती. वेळ आल्यावर बरोबर काढली.

वेळ आली ती दुपारी. वहिनींच्या छातीत कळ निघाली, अंगाला घाम फुटला. रुग्णवाहिकेला फोन लागला. निघालो, पण थोडा वेळ लागेल असं पलीकडून सांगितलं. अण्णाराव म्हणाले, "दारात गाडी असून वाट कामून बघायची?" बालाजीला हाक गेली. तो ताटावरून उठून आला. मागोमाग जया आली, कुणी न सांगता मागं बसली आणि तिनं वहिनींचं डोकं मांडीवर घेतलं. मुखेडच्या डॉक्टरांनी सुई दिली, ईसीजीची पट्टी काढून बघितली आणि लगेच लातूरला न्या म्हणाले. मुखेडच्या दवाखान्यातली रुग्णवाहिका दुसऱ्या पेशंटला घेऊन नांदेडला गेलेली होती. म्हणजे पुन्हा घरचीच गाडी.

लातूरच्या रस्त्याला पुढं एक लांब चढ आहे. त्या चढावर गाडीनं मान टाकली. बंद पडली नाही; बंद पडली असती तर बालाजीचं नशीब म्हणायचं, कारण बंद पडलेली गाडी सगळ्यांना दिसते. ती चालत राहिली, बैलगाडीच्या चालीनं. मागून उसाचा ट्रॅक्टर आला आणि हॉर्न देऊन पुढं निघून गेला. शेवटी एका जीपला हात करून वहिनींना तिच्यात घातलं, पण तोवर जयाच्या हातातला त्यांचा हात जड झाला होता. लातूरच्या डॉक्टरांना करण्यासारखं काही उरलं नव्हतं.

घरी परतल्यावर अण्णारावांचं पहिलं वाक्य हे होतं: "पोरानं पाय दाबला न्हाई."

"मी शेजारीच बसलेलो," ते येईल त्याला सांगत राहिले. "दाब, दाब म्हणून घसा फोडला. गाडी पुढं सरकना. जुना राग माझ्या बायकोवर काढला त्यानं."

दुःखात माणूस काहीही बोलतो आणि लोक ऐकून सोडून देतात. हे कुणी सोडलं नाही, कारण ते जुळत होतं. राग होता, रिकामा रस्ता होता, पाय त्याचा होता. मातीला आलेल्यांनी ऐकलं, दहाव्याला आलेल्यांनी पुढं नेलं, आणि तेराव्याला तर पाहुण्यांनी मला, समोर राहणाऱ्याला, नवीन बातमी म्हणून सांगितलं. तेराव्याच्या पंगतीला ग्यानोबा गेला. बालाजीला आणि जयाला निरोप आला होता, येऊ नका. त्या दिवशी बालाजीनं बापाला विचारलं, "तुम्हाला तरी पटतंय का?"

ग्यानोबा म्हणाला, "तुझा पाय तुलाच ठाऊक."

दुसऱ्या दिवशी, सत्यम पुण्याला परत गेल्यावर, बालाजी दुकानात आला. दाढी वाढलेली, डोळे खोल गेलेले. "आप्पा, गाडी मिस्त्रीला दाखवायची. काकाला म्हणावं संग चला. म्हणतील त्या गॅरेजला नेतो. अन् तुम्हीबी चला."

"मी कशाला?"

"तुम्हाला दोन्ही घरचं गिऱ्हाईक पाहिजे. तुम्ही कुण्या एकाच्या बाजूनं खोटं बोलायचे न्हाईत."

माझ्या प्रामाणिकपणाबद्दल एवढं नेमकं कुणी बोललेलं मी ऐकलं नव्हतं. मी दुकान बायकोवर सोपवलं.

अण्णाराव तयार झाले. मुखेडचे मिस्त्री बालाजीच्या उठण्याबसण्यातले, नांदेडला देगलूर नाक्यावरचा एक त्याच्या वर्गातला. म्हणून त्यांनी साडूच्या ओळखीचं लातूरचं गॅरेज निवडलं. "मिस्त्रीच्या तोंडून ऐकू दे गावाला," ते म्हणाले.

मी मागं बसलो. वहिनींची जागा सोडून बसायचा प्रयत्न केला, पण मागची सीट ती केवढी.

सपाट रस्त्यावर गाडी कशीबशी गेली. चढ लागला आणि तिनं तेच केलं. वेग कमी कमी होत गेला, इंजिन कण्हल्यासारखा आवाज करू लागलं, कडेनं शाळेला निघालेल्या पोरी आमच्याकडं बघत बघत आमच्या बरोबरीनं चालल्या. मी वाकून बघितलं. बालाजीचा उजवा पाय पार तळापर्यंत दाबलेला होता.

"बघा काका," तो म्हणाला.

अण्णारावांनी बघितलं. "दुसरा पाय क्लचवर हाय त्याचा."

बालाजीनं डावा पाय उचलला, चप्पल काढली आणि पाय सीटवर मांडी घातल्यासारखा दुमडून घेतला. "आता?"

अण्णाराव खिडकीबाहेर बघू लागले. "नाटकं शिकून आलाय," ते काचेला म्हणाले.

गॅरेजवाला शंकरप्पा हा स्वतःवर बेहद्द खूश असलेला माणूस. गाडी आत येतानाच त्यानं निदान केलं, "टर्बोचा पाइप फाटलाय." उघडून बघितला, पाइप धड होता. "मग डिझेलमध्ये भेसळ." फिल्टर काढून, बाटलीत डिझेल घेऊन उजेडात धरलं, डिझेल स्वच्छ. दोन निदानं वाया गेल्यावर त्याचा आवाज थोडा खाली आला.

"इंजिनाला काय बी झालेलं न्हाई," अण्णाराव म्हणाले. "पोरगं दाबत न्हाई, एवढंच लिहून द्या."

"मी गाड्या दुरुस्त करतो, मालक. पोरांचं दुसऱ्या दुकानात." त्यानं बालाजीला उतरवलं, स्वतः बसला आणि रिंग रोडला चक्कर मारून आला. उतरला तो डोकं खाजवत. "ही तर माझ्याबी पायाचं ऐकंना."

बालाजी भिंतीला टेकून उभा होता. त्याच्या खांद्यांतली ताठर रेघ थोडी ढिली झाली.

"म्हणजे तुम्हालाबी चालवता येत न्हाई," अण्णाराव म्हणाले. पण हे ते स्वतःशीच बोलल्यासारखं बोलले.

शंकरप्पानं तपासणीचं यंत्र आणून स्टिअरिंगखाली जोडलं आणि काट्यांच्या काचेकडं बघून थबकला. "हे काय चिकटवलंय?" त्यानं नखानं खरवडून काहीतरी काढलं आणि चुटकीनं उडवून दिलं. त्याखाली एक पिवळा दिवा जळत होता. "हा कधीपासून लागतोय?"

उडालेली वस्तू मी ओळखली होती. मरून रंगाची, मोठी, काठाला सोनेरी रेघ असलेली टिकली. नांदेडच्या होलसेलवाल्याकडून मी ती आणतो, आणि गावात ती घेणारी बाई एकच होती. एका सकाळी मी समोरून बघितलंही होतं. उदबत्ती चालू असताना अण्णाराव म्हणाले होते, "हे पिवळं डोळ्यात येतं. लोक म्हणतील बिघाड हाय. झाक काहीतरी." वहिनींनी पुढं वाकून कपाळावरची टिकली काढली, काचेवर चिकटवली आणि पदराचं टोक कपाळाला लावून हसल्या होत्या. नवऱ्याच्या चेहऱ्यावरची आठी गेली म्हणून.

यंत्राकडं बघून शंकरप्पानं शीळ घातली. मग बालाजीला इंजिन चालू करायला सांगून तो अण्णारावांना गाडीच्या मागं घेऊन गेला. "सायलेन्सरच्या तोंडासमोर तळवा धरा. लांबून. भाजंल."

अण्णारावांनी तळवा धरला.

"लागती का फुंकर?"

"लागती. बारीक."

"आता ह्या गाडीमागं धरा." शेजारी तसलीच एक गाडी चालू होती. अण्णारावांचा तळवा धक्क्यानं मागं गेला.

ते पुन्हा आपल्या गाडीमागं आले आणि पुन्हा हात धरला, बोटं जुळवून, पालथा नाही, उताणा. जयानं मला सांगितलं होतं, त्या दिवशी चढावर अण्णाराव पुढच्या सीटवरून मागं वळले आणि वहिनींच्या नाकाखाली त्यांनी असाच हात धरला होता. मी दुसरीकडं बघितलं.

"चोक झालाय," शंकरप्पा म्हणाला. आता त्याचा आवाज पुन्हा चढला होता. "नव्या गाड्यांना सायलेन्सरच्या आधी एक जाळी असती, धुरातली काजळी अडवायला. ती भरली. धूर बाहेर पडंना, म्हणून इंजिनाला दम घेता येईना. मग गाडी आपली आपणच ताकद कमी करून घेती. तुम्ही पाय दाबा नाहीतर वर उभे राहा."

"कशावरून?" अण्णाराव म्हणाले.

"हाव, कशावरून." शंकरप्पा गाडीखाली गेला, जाळीच्या अलीकडचे बोल्ट काढून पाइप मोकळा केला आणि कपडे झटकत बाहेर आला. "आता पोराला चालवू द्या. तुम्ही शेजारी बसा. आप्पा, तुम्हीबी बसा. कानात बोटं घाला."

इंजिनाचा आवाज ट्रकसारखा फुटला. बालाजीनं पाय ठेवला, पुरता दाबलाही नसेल, आणि गाडी अशी सुटली की अण्णारावांची पाठ सीटवर आपटली, उपरणं खांद्यावरून मागं उडून माझ्या मांडीवर पडलं. त्यांनी एका हातानं दांडी धरली. दुसरा हात सवयीनं वर गेला होता, हळू म्हणायला. तो तसाच अर्ध्यात राहिला.

परत आल्यावर ते पुष्कळ वेळ उतरले नाहीत. उतरले तेव्हा त्यांनी विचारलं, "हे भरतं कशानं?"

"गाडी पळाली न्हाई की भरतं. मोठ्या रस्त्यावर जोरात पळाली तर जाळी तापती अन् काजळी आपोआप जळून जाती. जवळच्या जवळ फिरवली की साचती. अन् सगळ्यात बेकार म्हणजे उभ्या जागी चालू ठेवणं. रोज थोडं थोडं भरणं झालं ते. मग हा पिवळा दिवा लागतो. तेव्हाच पळवली असती तर मोकळी झाली असती." शंकरप्पा फडक्याला हात पुसत होता. "आमच्याकडं तर लोक एसी लावून पोरांच्या शाळेपुढं बसतात, अन् मग माझ्याकडं येतात रडत. तुमच्याकडं गावात कोण चालू ठेवतंय उभी?"

आता सांगायची वेळ होती आणि सांगणारा बालाजी होता. एका वाक्यात सगळा भार त्याच्या खांद्यावरून चुलत्याच्या डोक्यावर गेला असता, आणि तो त्याचा हक्क होता. मी त्याच्याकडं बघितलं. तो जमिनीवरचा पाना उचलून ट्रेमध्ये ठेवत होता. तो नीट बसेना म्हणून पुन्हा ठेवत होता.

"ठेवत असतील कुणी," अण्णाराव म्हणाले. मग थोड्या वेळानं, "ते दिव्यावरचं. कुठं टाकलं?"

"काय? ते होय? इथंच कुठं तरी."

अण्णाराव गुडघ्यावर बसले. ऑइलनं काळी झालेली फरशी, तिच्यावर वायसर, रबरी चकत्या, तुटकी नटं, सगळं काळं, सगळं गोल. धोतर ऑइलमध्ये लोळत होतं. बालाजी त्यांच्या शेजारी उकिडवा बसला आणि त्यानं मोबाइलची बॅटरी लावली. दोघं उजेडाच्या गोलात हात फिरवत राहिले. बालाजीनं एकदा काहीतरी उचलून पुढं केलं. अण्णारावांनी बोटांनी चाचपलं.

"न्हाई. वायसर हाय."

"बरं."

ती सापडली नाही. शंकरप्पानं काही न समजून माझ्याकडं बघितलं. मी हातानं खूण केली, राहू दे.

जाळी धुऊन बसवून होईपर्यंत दिवस कलला. परतीला तो चढ उतार झाला होता, आणि उताराला कुठलीही गाडी पळते.

माझ्या दुकानापुढं माणसं जमलीच होती. निकाल ऐकायला आलेली माणसं तंबाखू घ्यायला आल्यासारखी उभी असतात. ग्यानोबाही होता, जरा लांब. अण्णाराव उतरले, दाराला धरून उभे राहिले.

"बालाजीचं काय न्हाई," ते म्हणाले. "त्यानं दाबला व्हता पाय. गाडीतच व्हतं."

"काय व्हतं?" ग्यानोबानं विचारलं.

अण्णारावांनी तोंड उघडलं. परत मिटलं. त्यांची नजर बालाजीकडं गेली, आणि मोठ्या भावाच्या डोळ्यांत तसली याचना ग्यानोबानं जन्मात बघितली नसेल. बालाजी गाडीची चावी हातात घेऊन उभा होता.

"डिझेल," बालाजी म्हणाला. "डिझेल खराब व्हतं."

लोकांनी माना हलवल्या. डिझेल कुणाचा पुतण्या नाही, कुणाचा नवरा नाही. त्याच्या नावे काहीही मांडता येतं. मग सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं. "हाव, गाडीतच दोष होता," मी म्हणालो आणि आत जाऊन कुणी न मागितलेली साखर तोलायला घेतली.

दुसऱ्या दिवशी जया दुकानात आली. पिशवी उघडलीच नाही. "डिझेल म्हणे, आप्पा?"

"तुझा नवरा सुटला ना, बाई."

"सुटला? माझ्या मांडीवर गेली ती. माझं तोंड न बघणारी, शेवटी माझा हात सोडीना. अन् आम्हाला तिच्या तेराव्याचा घास दिला न्हाई. आता सगळे म्हणतात डिझेल. चूक झाली असं कुण्या एकानं तरी येऊन म्हणलं का ह्याला?"

"त्यानं दुसरं काही सांगितलं असतं तर म्हातारा जगला नसता."

"हाव, आप्पा. त्याचं तुम्ही बघितलं. आमचं?"

ती गेल्यावर खिळ्याला लटकवलेलं मरून टिकल्यांचं उरलेलं पाकीट मी काढून गल्ल्याच्या मागं टाकलं.

पुढं काही दिवस गल्लीत सकाळी इंजिनाचा आवाज आला नाही. मग एका सकाळी अण्णाराव बाहेर आले. कुंकू नाही, उदबत्ती नाही. चालत गल्लीच्या टोकाला गेले, ग्यानोबाच्या दारात उभे राहिले आणि म्हणाले, "बालाजी, चल."

गाडी निघाली ती मुखेडच्या पुढं, त्या चढापर्यंत. चढ लागला तसे अण्णाराव म्हणाले, "दाब." बालाजीनं दाबला. गाडी भरधाव वर गेली. माथ्यावर पोचल्यावर ते म्हणाले, "वळव."

मला वाटलं, माणसाला एकदा बघायचं असेल, बघितलं. पण दुसऱ्या दिवशीही ते ग्यानोबाच्या दारात उभे राहिले. तिसऱ्याही. "मिस्त्रीनं सांगितलंय, पळवली पाहिजे," मला म्हणाले. मिस्त्रीनं पंधरा दिवसांतून एकदा म्हणलं होतं. मी ते त्यांना सांगितलं नाही. आता गल्लीला रोज आवाज येतो, चालू होऊन लांब जाणारा, आणि मग परत येणारा. जया तोवर दारातच उभी असते, हातातलं काम हातात.

बालाजी खंगत चाललाय. परवा विडीचं बंडल घ्यायला आला, पूर्वी ओढत नव्हता. मी म्हणालो, "न्हाई म्हण की एक दिवस. त्यांना दुसरा डायव्हर मिळंल."

"म्हणून बघितलं, आप्पा. जाऊन गाडीत मागं बसतात, काकूच्या जागी. बसूनच राहतात दुपारपर्यंत."

"अन् चढावर? गाडी आता नीट चढती ना?"

"लई झकास चढती. म्हणूनच तर." त्यानं विडी पेटवली, पण ओढली नाही. "वर पोचलो की रोज एकच बोलतात. घड्याळात बघतात अन् म्हणतात, एवढ्यात आलो."